प्रूफ नाणं घेताना आधी कड बघा

प्रूफ ही नाण्याची अवस्था नव्हे, पाडण्याची पद्धत आहे. साचे घासून आरशासारखे करतात, निवडक चकतीवर एकाहून जास्त ठोके देतात. नव्या साच्यातून निघालेली पहिली साधी नाणीही चमकतात आणि प्रूफ म्हणून खपतात. दहापट भिंगाखाली अक्षरांच्या बाजू बघा. प्रूफवर त्या सरळ उभ्या असतात, कड काटकोनात. गोलसर दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

व्हिक्टोरियाच्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम. धाग्याने पाण्यात टांगून विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड ते) काढा, 91.7 टक्के चांदीचं 10.3च्या आसपास येतं. पण खरी गोम पुढे आहे. मुंबई आणि कोलकाता टांकसाळींनी जुन्या साच्यांवरून नंतरही प्रूफ पाडली. वजन, चांदी सगळं बरोबर! तिथे मैदानावर, म्हणजे चित्र-अक्षरांभोवतीच्या सपाट भागावर, साच्याच्या गंजाचे बारीक उठाव शोधा. अशा प्रतींना मूळ नाण्याचा भाव देऊ नका.

चाचणीची, म्हणजे नमुना म्हणून पाडलेली, नाणी कधीकधी वेगळ्या धातूत असतात. मुलामा दिलेलं साधं नाणं त्याच नावाने विकतात.

मुंबईच्या पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, दमट झालं की बदला. पीव्हीसीच्या पाकिटांनी हिरवा चिकटा येतो. तो शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये, काचेच्या वाटीत बुडवून काढा. पुसायचं मात्र नाही, रुमालानेही रेघा पडतात.

शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972च्या पुरावशेष कायद्यात येतं. त्यामुळे ग्रेडिंगसाठी, म्हणजे दर्जा ठरवून घेण्यासाठीसुद्धा, ते परदेशी कुरिअरने धाडू नका.