स्कॉटलंडमध्ये हरणांचा स्टॉकर: नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी

हायलंड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, इस्टेटींवर (मोठ्या खासगी जमिनींवर) लाल हरणांची शिकार हा जुना आणि कायदेशीर धंदा आहे. लांडगे तिथून कधीच संपले. हरणाला माणसाशिवाय शत्रू उरला नाही आणि कळप वाढले की नवी झाडं तग धरत नाहीत. म्हणून यंदा किती नर आणि किती माद्या मारायच्या याचा आकडा इस्टेट आधीच ठरवते. त्यातली काही जनावरं पैसे भरून येणाऱ्या पाहुण्यांच्या वाट्याला येतात. पाहुण्याला तिथे सगळे 'रायफल' म्हणतात. त्याला डोंगरावर नेतो तो स्टॉकर, आणि मेलेलं जनावर खाली आणायला घोडा किंवा गाडी घेऊन येतो तो गिली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच झाली, त्यामुळे ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या आपल्या मंडळींना हे काम पोटापाण्याचं साधन म्हणून सहसा सुचत नाही. डोंगर, थंडी आणि माणसं तिन्ही झेपत असतील तर विचार करायला हरकत नाही. हरणं शोधणं काही हंगामांत अंगवळणी पडतं. पाहुण्याला सांभाळणं आणि शिंगं समोर दिसत असताना त्याला 'आत्ता नाही' म्हणणं, याचे पैसे स्टॉकरला मिळतात.

कागदपत्रं

सुरुवात डीएससी (डीअर स्टॉकिंग सर्टिफिकेट) लेव्हल १ या प्रमाणपत्राने करा. त्यात लेखी परीक्षा, चित्रांवरून हरणांच्या जाती ओळखणं, मांसाची स्वच्छता आणि नेमबाजी असते. नेमबाजीत आधी १०० मीटरवर तीन गोळ्या चार इंचांच्या वर्तुळात बसवायच्या. मग हरणाच्या आकाराच्या टार्गेटवर १०० मीटरवरून झोपून, ७० वरून बसून किंवा गुडघ्यावर, आणि ४० वरून उभं राहून गोळ्या झाडायच्या. लेव्हल २ डोंगरावरच होते. साक्षीदारासमोर जनावर शोधण्यापासून साफ करण्यापर्यंतचं सगळं काम करून दाखवावं लागतं. पाहुण्यांना न्यायचं असेल तर इस्टेटी बहुतेक लेव्हल २ मागतातच. कॉलेजातून यायचं असेल तर थर्सोला यूएचआय या विद्यापीठाचा आणि फाइफमध्ये एसआरयूसी एल्मवूड या कॉलेजचा गेमकीपिंगचा (शिकारीच्या जनावरांची निगा राखण्याचा) अभ्यासक्रम माहितीचा आहे. प्रवेशाआधी यंदा तो चालू आहे का ते विचारून घ्या.

रायफलचा परवाना पोलीस देतात आणि त्याला वेळ लागतो. विम्याचं मात्र बहुतेक नवे लोक विसरतात. शिकार संघटनेच्या सदस्यत्वाबरोबर येणारा विमा हौशी शिकारीसाठी असतो. पैसे घेऊन माणसं नेली तर तो लागू होतो असं गृहीत धरू नका, लेखी विचारा.

पाहुण्याकडे स्वतःचा परवाना नसला तरी इस्टेटीची रायफल त्याला वापरता येते. १९६८ च्या फायरआर्म्स कायद्याच्या ११ए कलमाखाली खासगी जागेवर, वय किमान १७ असेल तर, परवानाधारकाच्या उपस्थितीत ती उसनी देता येते. कळीचा शब्द 'उपस्थितीत'. म्हणजे पुढच्या धारेवरून डोकावून यायला तुम्ही पाहुण्याला मागे बसवून गेलात, तर रायफल तुमच्याबरोबर गेली पाहिजे. पाहुण्याला पूर्वी तुरुंगवासाची शिक्षा झाली आहे का, हा प्रश्न बुकिंगच्या फॉर्मवर असू द्या. तसं असेल तर कायद्याने त्याला बंदुकीला हात लावता येत नाही असं होऊ शकतं.

काडतुसाची किमान ताकद कायद्यानेच ठरलेली आहे. लाल हरणासाठी गोळी ८० ग्रेनची, वेग सेकंदाला २,४५० फूट, ऊर्जा १,७५० फूट-पाउंड, आणि गोळी आत गेल्यावर उमलणारीच हवी. २०२३ पर्यंत ही वजनाची मर्यादा १०० ग्रेन होती. शिसं नसलेल्या तांब्याच्या गोळ्या त्याच आकारात हलक्या भरतात, म्हणून ती खाली आणली. .२७०, .३०८ आणि ६.५×५५ या रायफली तुम्हाला जागोजागी दिसतील.

हंगामाचं थोडक्यात. नरांच्या शिकारीचा बंद काळ स्कॉटलंडमध्ये २०२३ च्या ऑक्टोबरपासून उठला आहे, तरी पाहुण्यांसाठी बऱ्याच इस्टेटी २० ऑक्टोबरलाच थांबतात. माजाच्या शेवटी नर वाळलेले असतात आणि मांसाला उग्र वास येतो. माद्यांचा रूढ हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी. इंग्लंडच्या तारखा वेगळ्या आहेत. दर वर्षी नेचरस्कॉट या सरकारी निसर्गसंस्थेकडून ताज्या तारखा तपासा.

सकाळी, टार्गेटपाशी

पाहुण्याची ओळख फोनवर होते, पण तो कळतो टार्गेटवर. त्याआधी चार प्रश्न विचारून ठेवा. गुडघे कसे आहेत? कुठली औषधं चालू आहेत? दिवसाला १०-१५ किलोमीटर आणि ५०० मीटर चढ जमेल का? तुम्ही डावखुरे आहात का? शेवटचा प्रश्न विसरला की डोंगरावर उजव्या हाताचा बोल्ट (गोळी भरायचा मागेपुढे सरकणारा दांडा) आणि डावखुरा माणूस अशी जोडी पदरात पडते.

टार्गेट १०० मीटरवर लावा. रायफल त्या अंतरावर दोन-तीन सेंटिमीटर वर लागेल अशी बसवलेली असली, की १५० मीटरपर्यंत पाहुण्याला काही हिशोब करावा लागत नाही. तीन गोळ्या झाडायला लावा आणि तुम्ही टार्गेटकडे न बघता माणसाकडे बघा. चाप ओढण्याआधी पापणी मिटते का? खांदा पुढे येतो का? डोळा दुर्बिणीला फार चिकटलाय का? चिकटला असेल तर धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर बसते आणि रक्त येतं. मग उरलेला दिवस तो प्रत्येक वेळी दचकतो. बोल्ट अर्धाच मागे ओढायची सवय असेल तर रिकाम्या काडतुसाने हाताळायला शिकवा. अर्धा ओढलेला बोल्ट नवी गोळी उचलत नाही, आणि दुसरी गोळी लागते तेव्हा ती लगेच लागते.

गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसल्या तर १५० मीटरपर्यंत जायला हरकत नाही. त्याहून विखुरल्या तर मनात आकडा ठरवून टाका: आज १०० च्या आत, नाहीतर नाही. हे पाहुण्यालाही तिथेच, हसतखेळत, पण स्पष्ट सांगा. डोंगरावर सांगितलं तर तो घासाघीस करतो.

त्याचे कपडेही तिथेच बघा. कुरकुरणारं जॅकेट, चकाकणारं घड्याळ, उघडं कपाळ, वाजणारा फोन यातलं काही चालत नाही. लोकर सगळ्यात बरी, ओली झाली तरी आवाज करत नाही. कानात बोळे हवेत. गोचीड काढायचा चिमटा तुमच्या खिशात कायम असू द्या, कारण त्या भागात गोचीड चावून लाइम हा आजार होतो.

वारा

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला धार, सोंड, घळ, खिंड यांची भाषा वेगळी शिकवावी लागत नाही. नवीन असतं ते वाऱ्याचं वागणं. हरणाची नजर चुकवता येते, कानही काही प्रमाणात; वास नाही. मनुष्यगंध गेला की कळप एक किलोमीटरवरूनही उठतो आणि दिवसभर त्या खोऱ्यात परत येत नाही. डोंगरांसाठीच्या हवामान अंदाजातला वारा माथ्यावरचा असतो. तीन बाजूंनी कडे असलेल्या खोलगट खोऱ्यात तोच वारा आपटून उलटा फिरतो. सकाळी ऊन चढलं की हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी खाली उतरते. म्हणून बारीक पावडरची बाटली किंवा गवताची काडी हातात ठेवा आणि दर वळणाला पाहा. वारा फिरला तर दोन तासांचा वळसा घ्या. पाहुणा कुरकुरेल, कुरकुरू द्या.

निघण्याआधी मार्ग आणि परतायची वेळ लॉजवर लिहून ठेवा. मोबाइलला रेंज नसते हे गृहीत धरा, रेडिओ किंवा उपग्रह मेसेंजर घ्या. माणूस पडला तर ९९९ वर पोलिसांना मागून माउंटन रेस्क्यू सांगायचं. स्कॉटलंडमध्ये डोंगरावर फिरायचा हक्क सर्वांना आहे, तेव्हा नेमक्या क्षणी समोरच्या धारेवर लाल जॅकेटवाला उगवला तर चिडायचं नाही. नमस्कार करायचा आणि दुसरी सोंड धरायची.

शेवटचे दोनशे मीटर

इथून पुढे रायफल म्यानात, तुमच्या हातात; चेंबर रिकामं. तुम्ही पुढे, पाहुणा तुमच्या बुटांच्या मागे, तुम्ही सरपटाल तसा तो सरपटणार. दलदलीतून पोटावर जाताना लोक नकळत कंबर वर काढतात, आणि कळपाच्या कडेची म्हातारी मादी तेवढंच बघते. माजाच्या दिवसांत नराचं लक्ष नसतं, तिचं असतं. ती मान वर करून रोखून पाहू लागली तर थिजायचं. ती पुन्हा चरायला लागेपर्यंत, मग दहा मिनिटं लागोत की वीस.

जागेवर पोचलात की आधी पिशवी पुढे ठेवा आणि रायफल तिच्यावर टेका. कातळावर टेकवलेली नळी बार होताना उसळते. मग बाजूने नळीच्या रेषेत स्वतः पाहा. दुर्बीण नळीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर वर असते. दुर्बिणीतून हरीण स्वच्छ दिसतं आणि दहा हात पुढच्या हीदरच्या (तिथल्या बुटक्या झुडपाच्या) उंचवट्यात गोळी घुसते, हा प्रकार नवख्यांच्या हातून इतका होतो की तपासणं सवयीचंच करून टाका.

मग कुठला नर ते सांगायचं. बोट दाखवू नका. दुर्बीण कमीत कमी वाढीवर ठेवायला लावा, म्हणजे आजूबाजूचं दिसतं. 'पांढरा दगड दिसला? त्याच्या उजवीकडे दोन माद्या. त्यांच्या वर एकटा, मान खाली, तोंड डावीकडे.' एवढं कुजबुजून थांबा आणि त्याच्याकडून वर्णन उलट ऐका. 'हो, दिसला' हे उत्तर पुरेसं नाही. दुर्बिणीतला तुकडा लहान असतो, दोन नर जागा बदलतात, आणि पाहुण्याला नेहमी मोठ्या शिंगांचाच दिसतो. तुम्हाला पाडायचा असतो तो म्हातारा, नाहीतर लंगडणारा.

जनावर पूर्ण आडवं हवं. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेने वर, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात नेम. मागे माती हवी, आकाश नको, आणि दुसरं हरीण तर मुळीच नको, कारण गोळी आरपार जाते. बसलेलं असेल तर उठेपर्यंत थांबा. तास लागला तर तासभर थंडीत पडून राहायचं. शिट्टी मारून उठवलेलं जनावर उभं राहत नाही, पळतं. सगळं जुळलं की गोळी चढवायला सांगा, 'तुमच्या सोयीने' एवढंच बोला आणि गप्प बसा. पाहुण्याचा श्वास धापेवर असेल, नळीचं टोक हलताना दिसत असेल, तर सेफ्टी लावायला सांगून रायफल परत घ्या. हरीण गेलं तर जाऊ द्या. दिवसाचे पैसे वाया गेले असं त्याला वाटेल. पोटात गोळी घेऊन दरीत उतरलेल्या नराच्या मागे अंधार पडेपर्यंत फिरणं त्याहून वाईट, हे त्याला संध्याकाळी समजावता येतं.

बार झाल्यावर

'पुन्हा भरा, हलू नका.' हे दोन शब्द लगेच. पाहुणा उठून उभा राहिला की सगळा कळप पळतो आणि लागलेलं जनावरही त्यात जातं. तुम्ही दुर्बिणीतून बघत राहा. छातीत लागलं तर जनावर उसळतं, जोरात पळतं आणि बहुधा शंभर मीटरच्या आत कोसळतं. पाठ कमानीसारखी करून सावकाश चालू लागलं तर पोटात लागलंय. मान वर करून नुसतं इकडे-तिकडे बघत असेल तर बहुतेक चुकलंय, तरी जागा तपासल्याशिवाय तसं म्हणू नका. ते कुठे उभं होतं त्या जागेची खूण मनात धरून ठेवा, कारण तिथे चालत गेल्यावर सगळे दगड सारखे दिसतात. फेसाळ गुलाबी रक्त फुफ्फुसाचं, गडद काळसर यकृताचं, हिरवट घाण पोटाची. पोटाची दिसली तर घाईने मागे लागू नका. जनावराला बसू द्या, कुत्रा मागवा.

पडलेल्या जनावराकडे पाठीच्या बाजूने, रायफल तयार ठेवून जायचं. काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही की मगच रायफल रिकामी करायची.

आता चाकू. आधी रक्त काढा. गळ्याशी अन्ननलिका श्वासनलिकेपासून सोडवून तिला गाठ मारा. ही गाठ सुटली तर पोटातलं हिरवं पाणी छातीत येतं आणि मांस नासतं. पोट उघडताना पात्याची धार वरच्या बाजूला, दोन बोटं दोन्हीकडे घालून आतडी खाली दाबलेली. मूत्राशयाला धक्का लागू देऊ नका. जठर आणि आतडी बाहेर काढली की त्यांच्या लसिका ग्रंथी बघा. फुगलेल्या किंवा पू भरलेल्या ग्रंथी क्षयाची खूण असू शकतात. शंका आली तर काम तिथेच थांबवून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवायचं. सगळं ठीक असेल तर आतडी पाण्यापासून आणि पायवाटेपासून दूर टाका, गरुड आणि डोमकावळे संपवतात. पाहुण्याला बघायचं नसेल तर त्याला आधीच पाठ करून बसवा. काही जण इथे गळाठतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

साफ केलेला डोंगरी नर ऐंशी-नव्वद किलोच्या आसपास भरतो. डोकं पुढे धरून ओढा, म्हणजे केस आडवे येत नाहीत. पुढे घोडा किंवा आर्गोकॅट ही दलदलीतही चालणारी गाडी. खाली लार्डरमध्ये, म्हणजे मांस ठेवायच्या थंड खोलीत, टांगून वजन, दातांवरून वय, टॅगवर जात, तारीख, वेळ, जागा आणि तुमचा क्रमांक. आणि मांस ७ अंश सेल्सिअसच्या खाली. व्हेनिसन, म्हणजे हरणाचं मांस, विकायचं असेल तर यातली एकही नोंद सुटून चालत नाही. शिंगं भारतात न्यायची असतील तर वन्यप्राण्यांच्या अवयवांवर आयातीचे निर्बंध आहेत, हे पाहुण्याला बुकिंगच्या वेळीच सांगा.

पहिली नोकरी शोधताना स्टॉकरची जाहिरात बघू नका. घोडा सांभाळणाऱ्या गिलीची हंगामी जागा बघा, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. राहायला खोली मिळते, पगार बेताचा असतो, पाऊस भरपूर. पण रोज एका कसलेल्या स्टॉकरच्या मागे चालायला मिळतं आणि लार्डरमध्ये दर संध्याकाळी चाकू हातात असतो. अर्जात डोंगरावर चालण्याचा अनुभव, वाहन परवाना आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लिहा. ब्रिटनमध्ये काम करायचा हक्क देणारा व्हिसा हातात आहे का, हे पहिल्याच ओळीत. अर्ज वसंतातच पाठवा, जुलैपर्यंत चांगल्या जागा भरलेल्या असतात.