सही करण्यापूर्वी : नोकरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे

पुण्यातील एका अभियांत्रिकी कंपनीच्या पेरोल, म्हणजे पगाराचा हिशेब ठेवणाऱ्या विभागात मी चौदा वर्षे काम केले. त्या काळात नोकरकपातीच्या तीन फेऱ्या मी टेबलाच्या अलीकडून पाहिल्या, अनेकांचे अखेरचे हिशेब स्वतः काढले, आणि चौथ्या फेरीत यादीत माझेच नाव आले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केल्यापासून आयटी कंपन्यांच्या हिंजवडी आणि खराडीत हा विषय चहाच्या टपरीवरही निघतो. तळेगाव-चाकणच्या कामगारांना तो नवा नाही. जनरल मोटर्सच्या तळेगाव कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्येच थांबले होते. दोन्ही बाजूंचा अनुभव घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की, नोकरी गेल्यावरचा पहिला आठवडा नवी नोकरी शोधण्याचा नसून कागद सांभाळण्याचा असतो, आणि बहुतेक लोक नेमका तोच आठवडा बायोडेटा सजवण्यात घालवतात.

बंद खोलीतील वीस मिनिटे

कपातीची बैठक साधारण वीस मिनिटांत आटोपते. खोलीत एचआरचा माणूस असतो, आपला व्यवस्थापक असतो आणि तो शक्यतो आपल्याकडे पाहत नाही. पुढ्यात एक कागद सरकवला जातो, ज्यावर राजीनाम्याचा मजकूर आधीच टाइप केलेला असतो आणि केवळ नाव, तारीख व सहीची जागा कोरी असते. ‘राजीनामा दिलात तर तुमचे रेकॉर्ड स्वच्छ राहील, पुढच्या कंपनीत अडचण येणार नाही,’ हे वाक्य ठरलेले असते. ते मीही लोकांना ऐकवलेले आहे, म्हणून सांगतो, की त्यात कंपनीची सोय अधिक आणि आपली कमी असते. राजीनामा दिला की कागदोपत्री ती कपात उरत नाही. कपातीची भरपाई मागण्याचा आधार निसटतो, राज्य कामगार विमा महामंडळाचा (ईएसआय) बेकारी भत्ता मिळत नाही, आणि गृहकर्जाबरोबर नोकरी जाण्याचा विमा घेतलेला असल्यास त्याचा दावाही फेटाळला जातो.

अशा वेळी वाद घालू नये, रडू येत असेल तर खुशाल रडावे, पण सही करू नये. ‘हा कागद मला मेलवर पाठवा, वाचून दोन दिवसांत उत्तर देतो,’ एवढेच शांतपणे म्हणावे. त्याच मिनिटाला सही केली पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. काही कंपन्या राजीनाम्याच्या बदल्यात तीन-चार महिन्यांचा पगार आणि काही काळ मेडिक्लेम चालू ठेवण्याची तयारी दाखवतात. कायद्याने मिळणाऱ्या रकमेपेक्षा ती रक्कम खरोखर मोठी असेल तर राजीनामा देण्यात कमीपणा नाही, मात्र प्रत्येक आकडा आणि पैसे देण्याची तारीख लेखी हातात पडल्यावरच द्यावा. दबावाखाली सही होऊन गेलीच असेल, तर त्याच रात्री आपल्या खासगी मेलवरून एचआरला लिहावे की, अमुक वाजता झालेल्या बैठकीत कंपनीने मागितल्यामुळे हा राजीनामा दिला आहे. पुढे वाद झाल्यास त्या मेलची तारीखच उपयोगी पडते.

आपले किती येणे आहे, हे स्वतः काढावे

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे असेल, तर एक महिन्याची कारणासह लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन द्यावे लागते, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. शेवटचे अपूर्ण वर्ष सहा महिन्यांपेक्षा मोठे असेल तर तेही पूर्ण धरले जाते. तीनशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. शिवाय नवे कौशल्य शिकता यावे म्हणून ठेवलेल्या पुनर्कौशल्य निधीतून पंधरा दिवसांचे वेतन कामगाराच्या खात्यात पंचेचाळीस दिवसांत जमा व्हावयाचे असते, ज्याची आठवण कंपनी स्वतःहून करून देईल अशी अपेक्षा ठेवू नये.

एक उदाहरण घेऊ. सेवा सात वर्षे आठ महिने आणि हिशेबासाठी धरावयाचे वेतन, म्हणजे मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता, तीस हजार रुपये आहे. भरपाईसाठी वर्षे आठ धरली जातात आणि पंधरा दिवसांचे वेतन पंधरा हजार होते, म्हणून भरपाई १,२०,००० रुपये. ग्रॅच्युइटीत, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांत, मात्र महिना सव्वीस दिवसांचा धरतात. तीस हजारांना पंधराने गुणून सव्वीसने भागले आणि आठने गुणले की १,३८,४६१ रुपये येतात. या दोन हिशेबांत महिन्याचे दिवस वेगळे असतात हे अनेकांना ठाऊक नसते, आणि ग्रॅच्युइटी तिसाने भागून कमी दिल्याची प्रकरणे मी स्वतः दुरुस्त केली आहेत. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षे सलग सेवा लागते. ठरावीक मुदतीच्या कराराने नेमलेल्यांना नव्या संहितेखाली एका वर्षानंतरही ती प्रमाणात मिळते. नोटीस पगार आणि शिल्लक रजेचे पैसे यांची बेरीज याशिवाय वेगळी.

‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी होईल’, म्हणजे अखेरचा हिशेब तेव्हा मिळेल, हे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते. वेतन संहितेनुसार कामावरून कमी केल्यानंतर थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते, आणि ग्रॅच्युइटीला तीस दिवसांची मुदत आहे. भांडण न करता ही मुदत मेलमध्ये नमूद केली तरी फाइल थोडी लवकर हलते.

व्यवस्थापकीय पदावरील लोक ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत. त्यांना नेमणूकपत्रातील नोटिशीच्या कलमावरच विसंबावे लागते. परंतु पदाच्या नावात ‘मॅनेजर’ असल्याने कोणी व्यवस्थापक होत नाही, कारण न्यायालये प्रत्यक्ष काम काय होते ते पाहतात. रक्कम मोठी असेल तर कामगार कायद्याच्या वकिलाची एक तासाची फी हा सर्वांत स्वस्त खर्च ठरतो.

ऑफिसची मेल बंद होण्याआधी

नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे, किमान शेवटच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि शिल्लक रजा दाखवणाऱ्या पानाचे चित्र आपल्या खासगी मेलवर घ्यावे. कंपनीची कामाची एकही फाइल घेऊ नये. तेवढ्या एका चुकीवर कंपनी उरलेला हिशेब अडवू शकते. भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफ) खात्याला आणि बँकेला ऑफिसचा मोबाइल जोडलेला असेल तर तो त्याच दिवशी बदलावा. पगाराचे खाते पगार येणे थांबल्यावर साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिल्लक नसल्यास दंड बसू शकतो, ही बाबही ध्यानात ठेवावी.

एक छोटी जागा आवर्जून तपासावी. पीएफच्या संकेतस्थळावरील सेवेच्या नोंदीत जुन्या कंपनीने ‘नोकरी सोडल्याची तारीख’ भरलेली असावी लागते. माझ्या एका सहकाऱ्याच्या नोंदीत ती जागा कोरीच राहिली. नव्या कंपनीच्या पडताळणीत तो अजून जुन्याच ठिकाणी नोकरीला असल्याचे दिसले आणि त्याचे रुजू होणे तीन आठवडे लांबले. कंपनीने ती तारीख भरली नाही, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी आपल्याला ती स्वतः भरता येते.

घर आणि हप्ते

घरी त्याच संध्याकाळी सांगावे. मी पत्नीला सांगितले, पण वडिलांना अकरा दिवस सांगितले नाही. अखेर ‘साहेब हल्ली घरीच असतात’ असे सोसायटीच्या वॉचमनने त्यांना सांगितले. वडील पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी रागावण्याऐवजी एवढेच विचारले, ‘सही केलीस का?’ अकरा दिवस आधी सांगितले असते तर तो प्रश्न मला वेळेवर मिळाला असता.

मिळणारी रक्कम आली की सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते प्रथम वेगळे काढावेत. गृहकर्जाचा हप्ता थकण्यापूर्वी शाखेत जाऊन कपातीचे पत्र दाखवावे आणि मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का ते विचारावे. नव्वद दिवस थकल्यावर खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्जाचे ठरते आणि मग बोलण्याची भाषा बदलते. रोख कमी पडलीच तर क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलत राहण्यापेक्षा किंवा मोबाइलवरील कर्जाच्या ॲपकडे वळण्यापेक्षा बँकेतील सोनेतारण कितीतरी परवडते. पीएफला शक्यतो हात लावू नये, कारण पाच वर्षांची सलग सेवा होण्यापूर्वी तो काढल्यास त्यावर कर लागू शकतो, आणि दहा वर्षांच्या सेवेने मिळणारा निवृत्तिवेतनाचा हक्क मधल्या काळात निवृत्तिवेतनाचे पैसे काढून टाकल्यास मोडतो.

कंपनीचा मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. तो संपण्यापूर्वी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज करावा. आई-वडिलांना मधुमेह वा रक्तदाब असेल तर प्रतीक्षाकाळाची, म्हणजे जुन्या आजाराचा खर्च मिळू लागण्यापूर्वी थांबावे लागणारी, आधीची वर्षे त्यात धरली जातात. कामगार विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली अटी पूर्ण करणाऱ्यांना सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम नव्वद दिवसांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे, आणि हा लाभ आयुष्यात एकदाच घेता येतो.

शोध

नोकरीच्या संकेतस्थळांवर नाव अद्ययावत ठेवावे, ‘ताबडतोब रुजू होऊ शकतो’ हा पर्याय निवडावा आणि दर दोन-तीन दिवसांनी एखादी ओळ बदलावी, कारण ताजे प्रोफाइल भरती करणाऱ्यांच्या शोधात वर येते. नोटीस संपण्याची वाट पाहायला लावणाऱ्या उमेदवारांच्या तुलनेत आपण उद्या येऊ शकतो, ही या काळातील आपली एकमेव जमेची बाजू असते. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर आणि राज्याच्या महास्वयं संकेतस्थळावर नोंदणी विनामूल्य आहे. नोकरी देण्यासाठी अनामत, प्रशिक्षण शुल्क किंवा लॅपटॉपचे पैसे मागणारा प्रत्येक जण ठग समजावा. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० वर तक्रार करावी.

तरीही माझ्या पाहण्यात बहुतेकांना काम मिळाले ते आपले काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडून. अशा चाळीस जणांची यादी करावी, आणि तीत केवळ मित्र नकोत. जुने सहकारी, सोडून गेलेले साहेब, माल पुरवणारे, ग्राहकाकडील अभियंते, लेखापरीक्षक असे सारे हवेत. मला काम मिळाले ते वर्षातून एकदा आमच्याकडे पीएफची कागदपत्रे तपासायला येणाऱ्या सल्लागाराकडून, ज्याच्याशी माझे चौदा वर्षांत चहापलीकडे बोलणे झाले नव्हते. आपल्याकडे अशा वेळी भीड आड येते आणि माणूस ‘काही असेल तर बघा’ असे मोघम लिहून मोकळा होतो, ज्यावर कोणालाच काही करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘आमच्या विभागातील कपातीत माझी नोकरी गेली आहे. आठशे माणसांचे पेरोल आणि पीएफ-ईएसआयचे काम मी एकहाती पाहत होतो. भोसरी, चाकण किंवा रांजणगावात पेरोल अथवा अनुपालनाचे काम हवे आहे. सोमवारपासून येऊ शकतो. आपल्या ओळखीत कोणाशी बोलू?’ शेवटच्या प्रश्नाला देण्यासारखी नोकरी नसलेल्या माणसालाही उत्तर देता येते.

शोध पुण्यापुरता ठेवू नये. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज, शेंद्रा आणि नाशिकच्या सातपूर, अंबड येथील मध्यम कारखान्यांना मोठ्या कंपनीत शिस्त शिकलेला माणूस हवा असतो. तेथे पगार थोडा कमी असला तरी माझ्या मते तो स्वीकारावा. कामाचा दर्जा मात्र खाली आणू नये, कारण पगार दोन वर्षांत भरून निघतो, बायोडेटावरील उतरलेले पद निघत नाही.

मुलाखतीत ‘का सोडली?’ या प्रश्नाला दोन वाक्यांचे उत्तर पुरते : विभाग बंद झाला, इतक्या जणांना कमी केले, त्यांत मी होतो. जुन्या कंपनीची तक्रार सुरू केली की समोरचा माणूस ऐकणे थांबवतो.

रुजू होताना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, जुनाच द्यावा आणि पीएफ नव्या खात्यात वर्ग करून घ्यावा. त्याच आर्थिक वर्षातील जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या पेरोल विभागाला लेखी द्यावा. तो न दिल्यास नवी कंपनी करमुक्त मर्यादा पुन्हा पहिल्यापासून धरते, दरमहा कर कमी कापते, आणि पुढच्या जुलैत विवरणपत्र भरताना ती सगळी तूट व्याजासह एकदम भरावी लागते.