फलाफल फुटतात, तबुलेला पाणी सुटतं: लेबनीज पदार्थ करताना या चुका टाळा

लेबनीज स्वयंपाकात लिंबू, लसूण, तीळ, चणे, ऑलिव्ह तेल आणि ताजी हिरवी पानं यांवरच बरंचसं भागतं. त्यामुळे काही बिघडलं, तर वरून तिखट-मसाला टाकून झाकता येत नाही. आणि बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात असतं. नको तिथे ते राहिलेलं असतं, नाहीतर हवं तिथे घालायला आपण कचरतो.

फलाफलसाठी, म्हणजे चण्यांच्या तळलेल्या वड्यांसाठी, काबुली चणे कुकरला लावणं ही यातली सर्वांत मोठी चूक. शिजलेले चणे पाणी पिऊन मऊ झालेले असतात, त्यांचा गोळा तेलात बांधून राहत नाही. मग घाईघाईत बेसन कालवलं जातं आणि फलाफलच्या नावाखाली भजी होतात. वाटल्या डाळीच्या वड्यांना आपण डाळ कुठे शिजवतो? तसंच इथेही. चणे रात्रभर भिजवा, निथळा, फडक्यावर कोरडे करा आणि कच्चेच वाटा. वाटण रवाळ हवं. मुठीत दाबल्यावर गोळा झाला नाही, तर मिक्सर आणखी दोनदा फिरवा आणि वाटण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. चमचाभर पीठ घालणं हा अगदी शेवटचा उपाय.

हमसचं, म्हणजे वाटलेल्या चण्यांच्या चटणीचं, मात्र उलट. तिथे चणे बोटांत सहज चिरडतील इतके शिजायला हवेत. चिमूटभर खायचा सोडा घातला की लवकर मऊ होतात, सालंही सुटतात. पुढे ताहिनीत, म्हणजे तिळाच्या पेस्टमध्ये, लिंबू पिळलं की ती एकदम आवळून घट्ट होते. ‘फाटली’ म्हणून टाकून देऊ नका. बर्फाचं पाणी चमचा-चमचा घालत फेटत राहा. बघता बघता ती पांढरट आणि सैल होते. ताहिनी घरी करणार असाल तर सोललेले पांढरे तीळ जेमतेम गरम करा. लाडवाच्या तिळांइतके खमंग भाजले तर हमस कडवट होतो. लेबनॉनमध्ये हमस हा अभिमानाचा विषय आहे. मे २०१० मध्ये तिथल्या आचाऱ्यांनी १०,४५२ किलो हमसचा विक्रम केला. आकडाही मुद्दाम निवडलेला: देशाचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर मानलं जातं!

तबुले म्हणजे पार्सलीची कोशिंबीर. गहू त्यात नावापुरता. बऱ्याच हॉटेलांत हे प्रमाण उलटं असतं आणि तो पदार्थ हिरवे ठिपके असलेला उपमा वाटतो. मोठ्या जुडीला दोन-तीन चमचे बारीक बुलगुर (भरडलेला गहू) पुरे. पार्सली धुऊन पूर्ण कोरडी करा, मग धारदार सुरीने एकदाच चिरा. बोथट सुरीने किंवा मिक्सरमध्ये पानं चेचली जातात, काळी पडतात, पाणी सोडतात. बुलगुर पाण्यात भिजवू नका, टोमॅटोच्या आणि लिंबाच्या रसातच मुरू द्या. मीठ वाढतानाच घाला.

आपला लापशीचा दलिया बुलगुर म्हणून खपवू नका. बुलगुर हा गहू उकडून, वाळवून मग भरडलेला असतो. आपला दलिया कच्च्या गव्हाचा. नुसता भिजवला तर दाताखाली कच्चाच लागतो. दुसरं काही नसेल तर मोकळा शिजवून, पसरून गार करून वापरा. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घातलीत तर कोशिंबीर चांगलीच होईल, पण तिला तबुले म्हणू नका.

मुतब्बलसाठी, म्हणजे ताहिनी घातलेल्या वांग्याच्या भरतासाठी, भाजलेलं वांगं अर्धा तास चाळणीत निथळा. नाहीतर ताहिनी पातळ होऊन ताटभर पसरते.

राहिलं तूम, म्हणजे लसणाची पांढरी फुलकी चटणी. लसणातला हिरवा कोंब काढा, मीठ घालून वाटा, मग सूर्यफुलाचं तेल अगदी बारीक धारेने सोडा आणि अधूनमधून लिंबाचा रस घाला. तेल भसकन ओतलं किंवा मिक्सरचं भांडं तापलं की तूम फुटतं. ऑलिव्ह तेल इथे नको, फिरवून फिरवून कडू होतं. फुटलंच तर स्वच्छ भांड्यात एका अंड्याचा पांढरा बलक फिरवा आणि त्यात फुटलेलं मिश्रण थेंब-थेंब सोडा. बहुतेक वेळा सावरतं. अंडं कच्चंच राहतं, म्हणून असं सावरलेलं तूम त्याच दिवशी संपवा. एरवीही तूम फ्रीजबाहेर ठेवू नका. तेलातल्या कच्च्या लसणात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि वासावरून ते कळत नाही.