दरडीच्या धोक्यातले घर सरकार विकत घेते तेव्हा: अर्जापासून ताबा देईपर्यंत

वादळी पावसानंतर डोंगरउतार खचला, की घरमालकाचे लक्ष साहजिकच तडा गेलेल्या भिंतीकडे आणि चिखलाने भरलेल्या खोल्यांकडे जाते. घर दुरुस्त करता येते. पण ज्या उतारावर ते उभे आहे तो पुढच्या पावसात पुन्हा सरकणार असेल, तर दुरुस्तीवर केलेला खर्च मातीत जातो. अशा घरांसाठी न्यूझीलंड आणि अमेरिका या देशांत सरकारी खरेदीची, म्हणजेच ‘बायआउट’ची, व्यवस्था आहे. 27 जानेवारी 2023 रोजी ऑकलंडमध्ये आलेला पूर आणि त्यापाठोपाठ फेब्रुवारीत धडकलेले गॅब्रिएल चक्रीवादळ यांनंतर मुरीवाई, पिहा आणि कारेकारे या किनारी वस्त्यांतली दरडीखालची घरे अशा योजनेत आली. अमेरिकेत सप्टेंबर 2024 मधील हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात असंख्य दरडी कोसळल्या आणि तेथेही बायआउटचे अर्ज भरले गेले. या दोन्ही देशांतील पद्धत समोर ठेवून अर्ज करण्यापूर्वी, प्रस्ताव हातात आल्यावर आणि ताबा देताना काय करावे, ते पुढे दिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा, कारण बहुतेक अर्ज तेथेच अडखळतात. बायआउट ही नुकसानभरपाई नव्हे. नुकसानीचे पैसे विमा देतो. सरकार घर घेते ते तेथे राहणाऱ्या माणसांच्या जिवाला असलेला धोका कायमचा संपवण्यासाठी. त्यामुळे ज्या घराची एक काचही फुटलेली नाही ते योजनेत बसू शकते आणि ज्याची मागची भिंत आत आली आहे ते वगळले जाऊ शकते. ऑकलंडमध्ये अनेकांना दारावरच्या लाल कागदाने चकवले. लाल कागद म्हणजे इमारतीत प्रवेशबंदी आणि पिवळा म्हणजे मर्यादित प्रवेश. हे शिक्के आपत्तीनंतरच्या तातडीच्या पाहणीत त्या दिवसाची स्थिती पाहून लावले जातात. तेथे खरेदी ठरली ती मात्र धोक्याच्या वर्गवारीवरून. पहिल्या वर्गात धोका कमी असतो. दुसऱ्या वर्गात तो कमी करण्याचा उपाय असतो, मग तो संपूर्ण वस्तीसाठी असो किंवा एकट्या घरासाठी. तिसऱ्या वर्गात जिवाला असह्य धोका असतो आणि व्यवहार्य उपाय नसतो. बायआउटचा प्रस्ताव तिसऱ्या वर्गालाच मिळाला.

धोका कागदावर आणणे

‘असह्य’ हा शब्द भावनेचा वाटला तरी त्यामागे आकडा आहे. दरडींच्या बाबतीत अभियंते ऑस्ट्रेलियन जिओमेकॅनिक्स सोसायटीची 2007 ची मार्गदर्शक तत्त्वे वापरतात. आधीपासून वस्ती असलेल्या उतारावर सर्वाधिक धोक्यात असलेल्या व्यक्तीचा वर्षभरात मृत्यू होण्याची शक्यता 10,000 मध्ये 1 पेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा त्यांत सुचवली आहे. हा आकडा काढताना दरड कोसळण्याची शक्यता, ती घरापर्यंत पोहोचण्याची शक्यता, त्या वेळी घरात कोणी असण्याची शक्यता आणि माणूस दगावण्याची शक्यता यांचा गुणाकार केला जातो. म्हणजे घराच्या मागच्या बाजूला, उताराला लागून कोणी झोपते का, घर वर्षभर वापरात असते की सुट्टीपुरते, या प्रश्नांची उत्तरे थेट निकालावर परिणाम करतात. पाहणीला आलेल्या अभियंत्याने हे विचारले नाही, तर आपणच सांगावे. अर्थात खरे तेच सांगावे.

पुरावा गोळा करण्याचे काम पावसानंतरच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करावे. जमिनीत भेग दिसली, की तिच्या दोन्ही बाजूंना एकेक लाकडी खुंटी ठोकावी, प्रत्येक खुंटीच्या माथ्यावर खिळा मारावा आणि दोन खिळ्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून तारखेसह वहीत लिहावे. दर आठवड्याला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर त्याच जागी पुन्हा मोजावे. भेगेचा फोटो काढताना मोजपट्टी चौकटीत राहू द्यावी, कारण तिच्याशिवाय दोन बोटांची भेग आणि वितभर भेग फोटोत सारखीच दिसते. झुकलेली झाडे व कुंपणाचे खांब, अचानक घट्ट बसू लागलेले दरवाजे, उताराच्या पायथ्याशी आलेला फुगवटा, पूर्वी कोरड्या असलेल्या जागी झिरपणारे पाणी, तुटलेली पाण्याची वाहिनी, या सर्वांची नोंद ठेवावी. उतारावर स्वतः मात्र चढू नये. खुंट्याही केवळ सुरक्षित जागी, पाऊस थांबल्यावर ठोकाव्यात.

शेजाऱ्यांनी एकत्र येऊन एकाच भूतांत्रिक (माती आणि खडकांची स्थिरता तपासणाऱ्या) अभियंत्याकडून अहवाल घेतला तर खर्च वाटला जातो आणि अहवालही अधिक उपयोगी ठरतो. दरड कुंपणाची हद्द पाळत नाही. एका घरापुरता काढलेला निष्कर्ष वरच्या घराच्या जमिनीचे काय होणार ते पाहिल्याशिवाय अपुराच राहतो.

अर्ज कोणी करायचा

ऑकलंडमध्ये 2023 च्या आपत्तींनंतर घरमालकाला कौन्सिलकडे, म्हणजे तेथील महापालिकेकडे, वर्गवारीसाठी नोंदणी करावी लागली आणि पुढचा व्यवहार कौन्सिलशीच झाला. अमेरिकेत घरमालकाला संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे, म्हणजे फेमाकडे, थेट अर्ज करता येत नाही. शहर किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) राज्याकडे अर्ज करते, राज्य तो फेमाकडे पाठवते आणि मंजुरी उलट वाटेने खाली येते. म्हणून पहिला फोन काउंटीच्या नियोजन किंवा आपत्ती विभागाला करावा आणि आपली काउंटी अर्ज करणार आहे का, हे लेखी विचारावे. तिने अर्जच केला नाही, तर तुमचे घर कितीही धोक्यात असले तरी मार्ग बंद होतो. ही या व्यवस्थेची मोठी उणीव आहे, असे माझे मत आहे. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असतो. सक्तीचे भूसंपादन करणार नाही, असे स्थानिक संस्थेने लेखी कळवायचे असते आणि स्वखुशीने विकत असल्याचे मालकानेही लिहून द्यायचे असते.

अमेरिकेतील खर्चाचा साधारणपणे 75 टक्के वाटा फेमा उचलते. उरलेला 25 टक्के राज्यावर, काउंटीवर की खुद्द मालकावर पडणार, हे सुरुवातीलाच विचारावे. कॅलिफोर्नियातील रँचो पालोस व्हर्डेस येथील पोर्तुगीज बेंड परिसर 1956 पासून सरकत आहे. 2023 आणि 2024 च्या पावसानंतर त्याचा वेग इतका वाढला, की काही ठिकाणी जमीन आठवड्याला सुमारे एक फूट सरकू लागली. ऑक्टोबर 2024 मध्ये तेथे 4 कोटी 20 लाख डॉलरची खरेदी योजना जाहीर झाली, पण त्यात उरलेला वाटा मालकांच्याच माथी आला, म्हणजे त्यांना ठरलेल्या किमतीच्या सुमारे 75 टक्केच रक्कम मिळणार होती.

किंमत: कोणत्या तारखेची आणि काय वजा होऊन

प्रस्तावात सर्वांत आधी तारीख शोधावी. दरड कोसळल्यानंतर घराची बाजारातली किंमत जवळजवळ शून्यावर येते. त्यामुळे मूल्यांकन आपत्तीच्या आदल्या दिवशीचे आहे की आजचे, यावर सारे अवलंबून असते. ऑकलंडने 26 जानेवारी 2023, म्हणजे पुराच्या आदल्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरली. रँचो पालोस व्हर्डेसमध्ये डिसेंबर 2022 ची किंमत आधार मानली गेली. फेमाच्या नियमांत आपत्तीपूर्व किंमत मिळण्यासाठी घर आपत्तीच्या वेळी तुमच्याच मालकीचे असावे लागते आणि तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा नियमांनुसार पात्र परदेशी व्यक्ती असावे लागते. ग्रीन कार्डधारक त्यात बसतात. एच-वन-बी व्हिसावरचा मालक बसत नाही आणि त्याला सध्याच्या बाजारभावावर समाधान मानावे लागते. अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या मंडळींनी हे कलम नीट वाचावे. आपत्तीनंतर घर विकत घेतलेल्याला त्याने मोजलेल्या किमतीपेक्षा अधिक मिळत नाही.

त्यानंतर वजावट. एकाच नुकसानीसाठी दोनदा पैसे द्यायचे नाहीत, हे तत्त्व दोन्ही देशांत आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ऑकलंडमधील विमा असलेल्या घराची आपत्तीपूर्व किंमत 10 लाख डॉलर ठरली. विमाधारक मालकाचा 5 टक्के वाटा, म्हणजे 50 हजार, वजा होऊन 9 लाख 50 हजार राहिले. घराच्या नुकसानीपोटी विमा कंपनीकडून 1 लाख 80 हजार आणि सरकारी नैसर्गिक आपत्ती विम्यातून 1 लाख 20 हजार आधीच मिळालेले आहेत. ते वजा होऊन प्रस्ताव 6 लाख 50 हजारांचा आला. बँकेचे कर्ज 4 लाख 20 हजार बाकी असेल तर ते परस्पर फेडले जाते आणि हातात 2 लाख 30 हजार येतात. विम्याचे 3 लाख दरम्यान भाड्यात आणि संसारात खर्च झाले असतील, तर नवे घर याच रकमेत बसवावे लागते. ऑकलंडमध्ये विमा नसलेल्यांचा वाटा 20 टक्क्यांपर्यंत गेला, हेही लक्षात असू द्यावे.

यावरून एक शिस्त आपोआप निघते: विम्याची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि दुरुस्तीवर झालेल्या प्रत्येक खर्चाची पावती जपावी. अमेरिकेत दुरुस्तीसाठी मिळालेली मदत खरोखर दुरुस्तीवरच खर्च झाल्याचे पावत्यांनी सिद्ध केले, तर तेवढी रक्कम वजा होत नाही. 20 हजार मिळाले आणि 14 हजारांच्या पावत्या असतील, तर वजावट 6 हजारांचीच. मात्र मोठी दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी काउंटीला विचारावे. पाडायच्या घराला नवे स्वयंपाकघर बसवण्यात हशील नाही.

विम्याचा क्लेमही अर्जाआधी किंवा अर्जासोबत निकाली काढावा. अमेरिकेतील नेहमीच्या घरविम्यात जमीन सरकल्याचे नुकसान वगळलेले असते आणि संघीय पूरविम्यात वाहत्या चिखलाचे नुकसान धरले जाते, पण दरडीचे नाही. तेव्हा पाहणी अहवालात कोणता शब्द लिहिला जातो ते पाहावे. न्यूझीलंडचा सरकारी विमा जमिनीलाही काही प्रमाणात संरक्षण देतो: घरापासून 8 मीटरपर्यंतची जमीन आणि मुख्य प्रवेशमार्गाचा 60 मीटरपर्यंतचा भाग. पण खासगी विमा चालू असेल तरच हे संरक्षण लागू होते. म्हणून घर रिकामे केले तरी पॉलिसी बंद करू नये. घर रिकामे असल्याचे कंपनीला कळवून ती व्यवहार पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावी.

मूल्यांकन कमी वाटले तर स्वतः नोंदणीकृत मूल्यांककाकडून दुसरे करून घ्यावे आणि हरकत मुदतीत नोंदवावी. ‘किंमत फार कमी आहे’ एवढे लिहून काही होत नाही. मूल्यांककाने तुलनेसाठी घेतलेली विक्री कोणत्या महिन्यातली आहे, आपल्या घराचे क्षेत्रफळ बरोबर लिहिले आहे का, परवानगी घेऊन वाढवलेली खोली मोजली आहे का, हे मुद्दे नेमके मांडावेत.

सही, ताबा आणि त्यानंतर

सही करण्यापूर्वी वकिलाला कागद दाखवावेत आणि बँकेकडून कर्जफेडीचा नेमका आकडा लेखी घ्यावा. प्रस्ताव स्वीकारला म्हणजे पैसे लगेच येतात असे नाही. अमेरिकेत आपत्तीपासून व्यवहार पूर्ण होईपर्यंत काही वर्षे सहज जातात. कर्जाचे हप्ते आणि घरपट्टी त्या काळात चालूच राहतात, आणि नवे घर घेण्याचे वचन या पैशांच्या भरवशावर कोणाला देऊ नये. आपल्या घराच्या तोडीचे घर सुरक्षित भागात महाग पडत असेल, तर फेमाच्या नियमांत 31 हजार डॉलरपर्यंत पूरक रकमेची तरतूद आहे; ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. घरात भाडेकरू असेल तर स्थलांतराचे साहाय्य त्याला स्वतंत्रपणे मिळते, म्हणून त्याला अर्जाची कल्पना आधीच द्यावी.

व्यवहार झाल्यावर अमेरिकेत 90 दिवसांत बांधकाम हटवावे लागते आणि जमीन कायमची मोकळी ठेवण्याची अट खरेदीखतात नोंदवली जाते. तेथे पुन्हा कोणालाही घर बांधता येत नाही. दारे, फरशा, सौर पॅनल यांपैकी काय काढून नेता येईल, हे ताबा देण्यापूर्वी लेखी ठरवावे, कारण किमतीत धरलेली वस्तू काढून नेल्यास तिची रक्कम कापली जाऊ शकते. ताब्याच्या दिवशी वीज, गॅस आणि पाणी यांच्या मीटरचे फोटो काढून जोडण्या बंद झाल्याची पावती घ्यावी आणि टपालाचा पत्ता बदलावा. विम्याची पॉलिसी बंद करण्याचा अर्ज द्यायचा तो त्यानंतर.