गवत निसवायच्या आत: लांब दांड्याचा विळा आणि हातअवजारं

पाऊस स्थिरावला की बांधावरचं गवत बघता बघता गुडघ्याला लागतं. मग धावपळ सुरू होते. गवत कापायचं मशीन कोणाकडे मोकळं आहे, पेट्रोल आहे का, दोरी संपली का. तोवर गवत निसवतं, दाणे भरतात आणि पुढच्या हंगामाचं तण आपणच पेरून मोकळे होतो. शेत लहान असेल, एक-दोन एकर किंवा त्याहून कमी, तर हे काम हाताने वेळेत होतं. अट एवढीच की अवजाराला धार हवी आणि वेळ साधायला हवी. हातअवजाराला ताकद फार लागते हा समज बोथट पात्याने करून दिलेला आहे.

या सल्ल्यात जास्त जागा लांब दांड्याच्या विळ्याला दिली आहे, कारण खुरपं आणि कोळपं हातातलं आहे, हा मात्र अनेकांना नवा. इंग्रजीतून आलेलं नाव स्काइथ. बसून किंवा वाकून नाही, उभ्याने चालवायचा. दीड मीटरच्या आसपास दांडा, त्याला दोन मुठी आणि टोकाला कमानदार लांब पातं.

पातं निवडताना आधी एक गोष्ट पाहा. पात्यांच्या दोन परंपरा आहेत. ऑस्ट्रियन धाटणीचं पातं ठोकून पातळ केलेलं, हलकं असतं आणि त्याची कड थंडच ठोकून पुन्हा पातळ करता येते. इंग्लिश-अमेरिकन धाटणीचं पातं जड आणि कडक पोलादाचं, ते घासूनच धारेला आणायचं. ठोकायला गेलात तर कड तडकू शकते. नव्याने शिकणाऱ्याने पहिलं घ्यावं असं माझं मत. लांबी कामावर ठरते. बांध, झाडांची आळी, जाड देठाचं तण यासाठी 50 ते 60 सेंमी, आणि मोकळ्या गवतासाठी 65 ते 75 सेंमी. त्याहून लांब पातं दिसायला ऐटबाज असतं, पण सपाट आणि मोठं कुरण नसेल तर ते जमिनीत रुततं.

दांडा अंगाला बेतून घ्यावा लागतो आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं. दांडा शेजारी उभा धरा. खालची मूठ खुब्याच्या सांध्याशी आली पाहिजे. खालच्या मुठीपासून वरच्या मुठीपर्यंतचं अंतर कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे तुमचा स्वतःचा एक हात. सहा फुटी माणसाचा दांडा पाच फुटी बाईच्या हातात दिला तर तिची पाठ संध्याकाळी बोलणारच. घरात दोघं वापरणार असाल तर मुठी सरकवता येणारा दांडा घ्या.

चालवताना पातं जमिनीवर टेकलेलं असतं, उचललेलं नसतं. कुऱ्हाडीसारखा घाव घालायचा नाही. पातं उजवीकडून डावीकडे कमानीत सरकतं, जमिनीला पाठ घासतच परत येतं, आणि दर फेरीला पुढे फक्त चार बोटं गवत घ्यायचं. हावरटपणा केला, वीतभर घास घेतला, की पातं गवतात अडकतं आणि खांदे भरून येतात. वळायचं कमरेपासून, हात जवळपास सरळ, वजन उजव्या पायावरून डाव्या पायावर. कापलेलं गवत आपोआप डाव्या हाताला ओळीत पडतं. ते गोळा करायचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

वेळ भल्या सकाळची, दव असताना. ओल्या, ताठ गवताला पातं लगेच धरतं. दुपारी तेच गवत मलूल होऊन पात्यापुढे लवतं. मुरलेला माणूस दिवसभरात एकरभर गवत कापतो असा जुना हिशोब आहे. तुम्ही पहिल्या आठवड्यात सकाळी दोन-तीन गुंठे कापलंत तरी ते चांगलं समजा.

धार: इथे घाई नको

माझं पहिलं पातं मी आठ दिवसांत घालवलं. धार गेली म्हणून सरळ ग्राइंडरला लावलं. ठिणग्या छान उडत होत्या. कडेवर निळसर पट्टा उमटला तेव्हा मला ते शोभिवंत वाटलं. निळा रंग म्हणजे पोलाद साधारण 300 अंशांपर्यंत तापलं आणि कडेचं पाणी उतरलं. त्यानंतर त्या जागी धार टिकली नाही ती नाहीच. पातळ पात्याला ग्राइंडर नको, एवढं त्यातून कळलं.

धारेची कामं दोन, आणि ती वेगळी आहेत. पहिलं शेवटण्याचं, म्हणजे ठोकून कड पातळ करण्याचं. खुरपं, कुऱ्हाड आपण भट्टीत तापवून शेवटतो; या विळ्याची कड मात्र थंडच ठोकायची. लहान ऐरण ओंडक्यात ठोकून बसवा, समोर बसा, अर्धा किलोच्या आसपासच्या हातोडीने कडेची तीन ते पाच मिलिमीटर पट्टी हलक्या हाताने पातळ करत टाचेकडून, म्हणजे दांड्याकडच्या बाजूने, टोकाकडे जा. घाव एकाशेजारी एक, सारखे. जोरात ठोकलंत तर कड ताणून तिला झालरीसारख्या लाटा येतात, आणि त्या लाटा सरळ करणं नवख्याच्या आवाक्यातलं काम नाही. झालं की नाही हे नखावर कळतं: अंगठ्याच्या नखावर कड आतून हलकेच दाबत सरकवा. कडेला नखाचा उंचवटा क्षणभर उमटलेला दिसला तर पुरेशी पातळ झाली. चार ते आठ तास कापणी झाली की पुन्हा ठोकायचं.

दुसरं काम दगडाचं, आणि ते शेतातच. कमरेला पाण्याची डबी, तिच्यात धारेचा दगड. दर पाच मिनिटांनी थांबायचं. दांड्याचं वरचं टोक जमिनीवर टेकवून विळा उलटा धरा, म्हणजे पातं छातीशी येतं. पात्याची पाठ डाव्या हाताने घट्ट धरून ओला दगड टाचेकडून टोकाकडे न्या, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. दगड पात्याला जवळजवळ टेकलेला असावा, उभा धरला तर कड गोल होते. दगड धरलेली बोटं कडेच्या रेषेबाहेर जाऊ देऊ नका; या अवजाराने होणाऱ्या जखमांपैकी बऱ्याच कापताना नाही, धार लावतानाच होतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही एकदा आठवून पाहा.

पाच मिनिटांनी थांबायचं हे ऐकून लोक हसतात. तो थांबा पाठीलाही लागतो.

कापायच्या आधी पट्ट्यातून एकदा चालून या. तार, दगड, जुनी खुंटी काढा. दुसरा माणूस तीन-चार मीटर लांब हवा, पोरं त्याहून लांब. हाताने कापण्याचा एक फायदा असा की पुढे बेडूक, अंडी, साप काय आहे ते दिसतं आणि थांबता येतं.

कापलेल्या गवताचं काय

जनावराला वैरण हवी असेल तर फुलोरा सुरू होतानाच कापा. पुढे काडी वाढते आणि कस उतरतो. वाळवायचं तर दव उडाल्यावर पसरा, उलथा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय गंजी लावू नका. ओलसर गंजी आतून तापते आणि पेटतेही. आच्छादनासाठी वापरणार असाल तर निसवायच्या आधीचं गवत घ्या. ताज्या गवताचा थर तीन-चार बोटांहून जाड नको, नाहीतर खालून चिकट होऊन कुजका वास येतो. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा.

गाजरगवत कापून संपत नाही, बुडातून पुन्हा फुटतं. ते फुलायच्या आधी ओल्या जमिनीतून मुळासकट उपटा, हातमोजे घालून, कारण अंगाला खाज सुटते. हरळी आणि लव्हाळ्यालाही विळ्याचं भय नाही. त्यांना काट्याने उकरून गाठी आणि कांड्या वेचाव्या लागतात. कुदळीने तुकडे केलेत तर प्रत्येक तुकड्याचं नवं बेट होतं.

कोळपं आणि खुरपं

पिकातल्या तणाला खरी वेळ असते तण दोन पानांवर असताना, किंवा त्याच्याही आधी, माती हलवली की कोंबाचा पांढरा दोरा दिसतो तेव्हा. वाफसा आला, ऊन पडलं, की चाकाचं कोळपं दोन-तीन सेंटीमीटर खोलीवर फिरवा. उपटलेला दोरा दुपारपर्यंत सुकतो. खोल घातलंत तर खालचं बी वर येतं आणि आठवड्याने पुन्हा तेच काम. ओल्या मातीत कोळपं नको, तण जागा बदलून पुन्हा लागतं आणि माती दबते ती वेगळीच.

ओळी टाकतानाच कोळप्याच्या पासेची, म्हणजे त्याच्या आडव्या पात्याची, रुंदी लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत, म्हणजे मुळं तुटत नाहीत आणि ओळीतलं थोडंच खुरप्यासाठी उरतं. खुरपायला दिवसभर उकिडवं बसणं गुडघ्यांना परवडत नाही. उभ्याने ओढायचं लांब दांड्याचं खुरपं करून घ्या, दांडा हनुवटीपर्यंत. आणि त्यालाही कानस मारा! विळ्याला धार लावणारी माणसं कोळप्याची पास वर्षानुवर्षं बोथट चालवतात, याचं मला अजून नवल वाटतं.

धान्य कापायला मात्र दातेरी विळाच सोयीचा. मुठीत धरलेली धाटं करवतीने कापल्यासारखी कापली जातात, दाणे कमी झडतात आणि धार वारंवार लावावी लागत नाही. लांब विळ्याला कमानीची चौकट बांधून उभं पीक एका बाजूला निजवत कापण्याची पद्धत युरोपात होती, पण हात बसल्याशिवाय तिच्या नादी लागू नका.

हंगाम संपला की

माती खरवडा, पातं कोरडं पुसा, तेलाचं बोट फिरवा आणि टांगून ठेवा. पात्याला फाटक्या रबरी नळीचं म्यान पुरतं. दांडा नवा करायचा तर उभ्या रेषांचं, गाठ नसलेलं लाकूड घ्या. रेषा आडव्या गेल्या की दांडा तिथेच मोडतो. दांड्याला जवसाचं कच्चं तेल दोन-तीन वेळा चोळून मुरवा. त्या तेलाने भिजलेली चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निघते आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. उघड्यावर एकेक पसरून वाळवा, मगच टाका.