पाव्हलिक हार्नेस लावलेलं बाळ घरी कसं सांभाळायचं

मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसत नसेल किंवा वाटीच उथळ असेल, तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बहुधा पाव्हलिक हार्नेस, म्हणजे छातीपासून पावलांपर्यंत जाणारा मऊ पट्ट्यांचा साज, लावतात. गुडघे वर दुमडलेले आणि मांड्या फाकलेल्या राहिल्या की गोळा वाटीच्या मध्याकडे वळतो, आणि तो तिथे टिकला की वाटी हळूहळू खोल होत जाते. हे प्लास्टर नव्हे. यात बाळानं पाय मारायलाच हवेत.

पट्ट्यांची लांबी डॉक्टर ठरवतात. पहिल्याच दिवशी प्रत्येक पट्ट्यावर बकलाच्या कडेला पक्क्या शाईच्या पेनानं रेघ मारून घ्या. पट्टा सरकला तर लगेच कळतं. छातीचा पट्टा स्तनाग्रांच्या रेषेत, खाली दोन बोटं सहज जातील इतका सैल. पुढचे पट्टे मांडी पोटाशी साधारण ९० ते १०० अंशांत धरतात. मागचे पट्टे फक्त गुडघे एकमेकांकडे मिटू देत नाहीत. मांड्या फाकतात त्या पायांच्या स्वतःच्या वजनानं, त्यामुळे हे पट्टे ताणलेले नकोत. ‘जास्त फाकवलं तर लवकर बरं होईल’ असं वाटणं साहजिक आहे, पण सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ओढून फाकवलं की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हाडाला कायमची इजा होते.

डायपर बदलताना घोटे धरून पाय उचलायची सवय मोडावी लागते. तळहात ढुंगणाखाली घाला, कंबर जराशी उचला, जुना डायपर काढा, नवा सरकवा. डायपर नेहमी पट्ट्यांच्या आतून. वरून बांधला तर पट्टे ओले होतात आणि मांड्यांची ठेवणही बिघडते. हार्नेसच्या आत पातळ सुती बनियन आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे, वरून ढगळ कपडे. पायांभोवती घट्ट दुपटं गुंडाळू नका, पाय सरळ होतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

सुरुवातीला बहुतेक बाळांना हार्नेस चोवीस तास ठेवतात, म्हणजे अंघोळीऐवजी ओल्या कपड्यानं पुसणं. गुडघ्यामागची खाच, जांघ आणि मानेच्या घड्या रोज उघडून पाहा. पट्ट्याखाली पावडर किंवा लोशन नको. ओलाव्यात त्याचा चिखल होतो आणि कातडी सोलते. झोपवायचं पाठीवरच. कुशीवर वरचा पाय आत पडतो. कडेवर घेताना दोन्ही पाय तुमच्या कमरेभोवती पसरलेले असू द्या.

आता रोजची एक तपासणी, जी चुकवायची नाही. बाळ जागं असताना तळव्याला हलकी गुदगुली करा आणि गुडघ्याकडे पाहा. बाळ पाय झटकून गुडघा सरळ करू पाहतं का? दोन्ही बाजूंना सारखं? एका बाजूचा गुडघा नुसताच लोंबत असेल, तर मांडीच्या पुढची नस दबली असण्याची शक्यता आहे. बहुधा मांडी पोटाकडे जास्त वाकल्यानं हे होतं. बाळ वाढतं, पट्टा तेवढाच राहतो, म्हणून आधी बरोबर असलेलं मापही काही दिवसांत आखूड पडतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वेळेत ढिलं केलं तर नस सहसा पूर्ववत होते. स्वतः पट्टे सोडवून पुन्हा अंदाजानं बांधू नका.

पहिले दोन-तीन दिवस बाळ कुरकुरतं, मग रुळतं. त्यानंतर अचानक रडू लागलं किंवा पाऊल सुजलं, निळसर दिसलं, तर वाट पाहू नका.

सोनोग्राफीची तारीख मात्र पाळाच. निखळलेला गोळा तीन-चार आठवड्यांत वाटीत बसला नाही तर हार्नेस थांबवतात. तसाच चालू ठेवला तर गोळा वाटीच्या मागच्या काठावर घासून तोच काठ झिजतो आणि पुढचे उपचार अवघड होतात. मग वेगळा ब्रेस, किंवा भूल देऊन गोळा बसवून कमरेपासून पायापर्यंत स्पायका प्लास्टर. दीड वर्षानंतर निदान झालं तर बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

गोळा बसला तर हार्नेस साधारण सहा ते बारा आठवडे, आणि तो काढायचा की तास कमी करायचे हे सोनोग्राफी पाहूनच ठरतं. बाळ सहा महिन्यांचं झालं की एक्स-रे, चालायला लागल्यावर पुन्हा. सोनोग्राफीत छान दिसलेल्या वाटीची वाढ नंतर मागे पडू शकते, म्हणून या तपासण्या अधूनमधून वाढ पूर्ण होईपर्यंत चालतात.