कॉम्प्युटर अचानक बंद पडतोय? या चुका टाळा

घरचा कॉम्प्युटर काम चालू असताना फटकन बंद पडायला लागला की पहिला सल्ला येतो, "फॉरमॅट मारून टाक." दुसरा येतो, "रॅम बदल." पोराच्या प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आलेली असते, दुकानाचं जीएसटीचं काम अडलेलं असतं. घाईघाईत हजार-दोन हजार खर्च होतात आणि आठवड्यानं कॉम्प्युटर पुन्हा बंद पडतो. हे नुकसान टाळता येतं. हातात पाना-स्क्रू ड्रायव्हर घेण्याआधी एकच काम करा: कॉम्प्युटर कधी बंद पडतो आणि कसा बंद पडतो, हे चार-पाच दिवस वहीत वेळेसकट लिहून ठेवा. खालच्या बहुतेक चुका ही नोंद नसल्यामुळेच होतात.

सगळं बंद पडणं एकच समजणं

"बंद पडतोय" या एका तक्रारीत चार वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पंखे, लाईट, आवाज सगळं एका क्षणात गप्प झालं, तर संशय विजेवर किंवा उष्णतेवर घ्यायचा. निळा स्क्रीन क्षणभर दिसून आपोआप रीस्टार्ट झाला, तर ड्रायव्हर (एखादा पार्ट चालवणारा छोटा प्रोग्राम), रॅम किंवा डिस्क. 'शटिंग डाउन' असं लिहून रीतसर बंद झाला, तर बहुधा विंडोज अपडेट किंवा एखाद्या प्रोग्रामनंच तसं सांगितलेलं असतं. आणि स्क्रीन काळी झाली पण सीपीयूचा पंखा फिरतोच आहे, तर कॉम्प्युटर मुळात बंदच पडलेला नाही. तिथं मॉनिटरची केबल, स्लीपची सेटिंग आणि ग्राफिक्स कार्ड बघायचं.

पहिल्या प्रकारात विंडोज नव्यानं टाकून काहीही साधत नाही, उलट पोरांचे फोटो आणि हिशेबाच्या फायली तेवढ्या जातात. म्हणून फॉरमॅटचा विचार सगळ्यात शेवटी, आणि तोही महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्यानंतर.

निळा स्क्रीन वाचायच्या आत जात असेल, तर सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, मग स्टार्टअप अँड रिकव्हरी उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढा. पुढच्या वेळी स्क्रीन थांबून राहील, मोबाईलवर फोटो काढता येईल.

४१ नंबर बघून घाबरणं

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून विंडोज लॉग्समधल्या सिस्टीमवर गेलात की लाल खुणेसह 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं. ते बघून कुणी म्हणतं कर्नल (विंडोजचा गाभा) खराब झालं, कुणी म्हणतं मदरबोर्ड गेला. त्या नोंदीचा अर्थ एवढाच असतो, की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता. त्याच नोंदीच्या डिटेल्समध्ये 'बगचेककोड' बघा. तिथं शून्य असेल तर बहुधा विंडोजला चूक लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बोट पुन्हा विजेकडे किंवा उष्णतेकडे जातं. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळ्या स्क्रीनच्या वाटेनं शोधा. ६००८ नंबरच्या नोंदीत अचानक बंद पडल्याची वेळ मिळते, आणि १०७४ मध्ये कुठल्या प्रोग्रामनं बंद करायला लावलं त्याचं नाव. या वेळा वहीतल्या वेळांशी जुळवून बघा.

एवढं किचकट वाटलं तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असं इंग्रजीत टाइप करा. तारखेनुसार सगळा इतिहास समोर येतो.

भिंतीतली वीज सोडून बाकी सगळं तपासणं

माझ्या मते आपल्या कोल्हापुरात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं. पाणी सुटायच्या वेळेला गल्लीतल्या मोटारी एकदम चालू होतात, ट्यूब मिणमिणते, आणि नेमका त्याच वेळी कॉम्प्युटर बंद पडतो. उद्यमनगरच्या आजूबाजूला राहणाऱ्यांना वेल्डिंगच्या वेळी दिवे कमी-जास्त होणं नवीन नाही. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत वायरिंग कधीकाळचं असतं, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकाच बोर्डावरून एक्स्टेन्शन, त्याच्यावर दुसरं एक्स्टेन्शन, त्याच्यावर इस्त्रीसुद्धा. वहीतल्या वेळा रोज पाण्याच्या वेळेशी किंवा मिक्सर-गिझरशी जुळत असतील तर कॉम्प्युटर उघडायचीच गरज नाही. वायरमनला बोलवा. आपल्याकडे फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दाब असायला हवा. तो मोटारी चालू असताना मोजायला सांगा, कारण दुपारी निवांत वेळी मोजून उपयोग नाही. सॉकेटमधली पिन ढिली असेल तर सॉकेट बदला. तिथली बारीक ठिणगीसुद्धा कॉम्प्युटर बंद पाडायला पुरते.

सीपीयूच्या डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? तसं असेल तर अर्थिंग तुटलेलं आहे. एसएमपीएसमधल्या (कॉम्प्युटरच्या आतल्या, सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या पत्र्यावर भिंतीतल्या विजेच्या दाबाच्या निम्म्यापर्यंत व्होल्टेज दिसतं. करंट अगदी थोडा असतो, पण पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तो अंगावर घेऊ नये, आणि बिघाड असेल तर करंट थोडाच असेल याची खात्री नाही. थ्री-पिनची मोठी पिन तोडून टू-पिनच्या सॉकेटमध्ये घुसवणं ही चूक तर कधीच करू नका.

आता यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर कॉम्प्युटर चालवणारा डबा. घरच्या साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत दमते. दमलेल्या बॅटरीचा यूपीएस लाईट असेपर्यंत ठीक वाटतो, व्होल्टेज जरा हललं की स्वतःच बंद पडतो आणि कॉम्प्युटरला घेऊन बसतो. तपासणी फुकटची आहे. कॉम्प्युटर दोन-तीन दिवस यूपीएस वगळून थेट चांगल्या सॉकेटवर चालवा. बंद पडणं थांबलं तर एसएमपीएस आणि मदरबोर्डवरचा खर्च वाचला. यूपीएसवर लेझर प्रिंटर लावला असेल तर तो आधी काढा, तापताना तो क्षणभर खूप करंट ओढतो.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी त्यावरचं बटण बघावं. पुष्कळ इन्व्हर्टरवर 'नॉर्मल' आणि 'यूपीएस' असे दोन मोड असतात. नॉर्मल मोडवर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, त्याच्यापुढे नाही. पंखे-दिव्यांना तेवढा खंड कळत नाही, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. बटण यूपीएस मोडवर करा आणि मेन स्विच बंद करून एकदा बघा.

एसएमपीएस उघडून बसणं

जड गेम लावला किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की बंद पडतो, आणि मागचं बटण बंद करून थोडा वेळ थांबल्याशिवाय परत चालूच होत नाही: हे एसएमपीएसच्या आतल्या संरक्षणाचं लक्षण आहे. लेबलवर ४५० वॅट लिहिलेल्या स्वस्त एसएमपीएसवर नवीन ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर हे हमखास होतं. बायॉसच्या (कॉम्प्युटर चालू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) हार्डवेअर मॉनिटरमध्ये १२ व्होल्टच्या ओळीवर ११.४ ते १२.६ च्या मधला आकडा हवा. पण बायॉसमध्ये लोड नसतो, त्यामुळे तिथं आकडा चांगला दिसला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. ओळखीच्या कुणाचा चालू एसएमपीएस एक दिवस लावून बघणं ही खरी परीक्षा.

त्याचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब साठतो आणि वायर काढल्यानंतरही काही काळ राहतो.

पंक्चरच्या दुकानात हवा मारून आणणं

चालू केल्यावर दहा-वीस मिनिटांनी बंद, लगेच चालू केला तर दोन मिनिटांत परत बंद, अर्धा तास थांबलं की पुन्हा बराच वेळ चालतो. हा उष्णतेचा खेळ. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हा प्रकार जास्त. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर जीव वाचवायला बंद होतो. वेग कमी करायची मर्यादा बहुतेक प्रोसेसरमध्ये ९० ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. एचडब्ल्यूइन्फोसारखा फुकट प्रोग्राम लावून तापमान बघा. काम करताना ७०-८० ठीक आहे, सतत ९५ नाही.

मग लोक कॉम्प्युटरचा डबा स्कूटरवर घेतात आणि कंप्रेसरची हवा मारून आणतात. त्या हवेत पाण्याचे थेंब असतात, दाबही जास्त असतो आणि पंखा भलत्या वेगानं फिरून त्याचं बेअरिंग जातं. घरीच वायर काढून, गॅलरीत, मऊ ब्रश आणि हातातला ब्लोअर वापरा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. ओलं फडकं आत नको. पावसाळ्यात धूळ ओलाव्यानं चिकटून थर बसतो, म्हणून जूनच्या आधी एकदा साफसफाई करून घेणं चांगलं. मागची जाळीही बघा. झुरळं आणि पाली उबेला आत शिरतात आणि एसएमपीएसमध्ये शॉर्ट करतात.

धूळ काढूनही तापत असेल तर कूलरच्या (प्रोसेसरवरच्या पंख्याच्या) चार पिनांपैकी एखादी सुटली आहे का ते तपासा, आणि प्रोसेसर व कूलरच्या मधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदला. जुनी पूर्ण पुसायची, नवी वाटाण्याएवढी पुरे. पेस्टऐवजी टूथपेस्ट लावू नका, ती थोड्याच दिवसांत वाळते.

छोट्या गोष्टी वगळणं

कॅबिनेटचं पॉवर बटण दमटपणानं आत अडकून राहतं. बटण चार सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद होतो, आणि अडकलेलं बटण तेच करतं. चालू झाल्यावर चार-पाच सेकंदांत बंद होत असेल तर हे आधी बघा.

निळ्या स्क्रीनच्या वेळी रॅम काढून तिची सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबरनं हलकेच पुसा, घट्ट बसवा आणि विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा. लॅपटॉप असेल तर तो गादीवर ठेवू नका, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर लगेच वापर थांबवा.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या किंवा २०२१ च्या जुलैमधल्या पुरात पाणी लागलेले डबे शाहूपुरीत आणि नदीकाठच्या घरांत अजून वापरात असतील. वरून वाळलेला दिसला तरी एसएमपीएसच्या आत आणि मदरबोर्डच्या सॉकेटांत गाळ व गंज राहतो, आणि असा डबा कधीही बंद पडू शकतो. त्यातली हार्ड डिस्क धडधाकट असेल तर फायली आधी काढून घ्या. पुढं कधी पाणी शिरलंच, तर "चालतोय का" बघायला चालू करू नका. वायर काढून तसाच दुरुस्तीवाल्याकडे न्या.

दुकानात जाताना ती वही आणि निळ्या स्क्रीनचा फोटो सोबत न्या. "बंद पडतोय" म्हणण्याऐवजी "चालू केल्यावर पंधरा मिनिटांनी पडतो, यूपीएस काढून बघितला, तापमान इतकं होतं" असं सांगितलं की दुरुस्तीवाला सरळ कारणाकडे जातो. पार्ट बदलण्याआधी दुसरा लावून तुमच्यासमोर तासभर चालवून दाखवायला सांगा, आणि बदललेला जुना पार्ट बिलासोबत मागून घ्या.